ड्यूटीवरचे बूट

चौऱ्याऐंशीच्या सुमारास मुलुंडच्या आमच्या सोसायटीत लष्करातून निवृत्त झालेला एक वॉचमन होता. नाव कुणी विचारलंच नाही, सगळे फौजीच म्हणायचे. गणवेश सोसायटीचा, पण बूट पलटणीतले. रोज सकाळी थुंकी लावून तो ते इतके घासायचा की त्यात बघून दाढी करावी.

केबिनच्या दाराला अर्धा पडदा होता. त्याखाली ते बूट दिसायचे, टाचा जुळवून सावधान उभे. मी येता-जाता राम राम घालायचो. उत्तर कधीच यायचं नाही. ड्यूटीवर बोलत नाही, काय शिस्त आहे, म्हणून माझा आदर वाढतच गेला.

एकदा तो नाक्यावर स्लिपर घालून वडापाव खाताना दिसला.

"फौजी, तुम्ही इथं? मग केबिनमध्ये कोण?"

"बूट हायेत की, सायेब. चोर पायच बघतो, तोंड कोण बघतंय?"

आणि एका दुपारी चोरानं ते बूटच नेले. सेक्रेटरी खवळले. "होतास कुठे रे तू? उद्यापासून येऊ नकोस!"

फौजीनं स्लिपरच्या टाचा जुळवल्या. "बूट पळाले, सायेब. मी पोस्ट सोडली न्हाई."

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मी रोज राम राम घालतो ना!" त्यात खोटं काहीच नव्हतं. नोकरी वाचली.

दुसऱ्या दिवशी पडद्याखाली स्लिपर दिसल्या. सवयीनं मी राम राम घातला.

पहिल्यांदाच आतून उत्तर आलं.