चिन्याने दाखवलेली जागा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, देवासमोर बसूनही बोलले नाही. आज तुला सांगते — मध्येच थांबवू नकोस, नाहीतर पुन्हा माझं तोंड उघडायचं नाही.

लढाई लागायच्या आधी आमगावला रेल्वेनं एक चिनी यायचा, पाठीवर रेशमी कापडाचं गाठोडं घेऊन आमच्या गावापर्यंत पायी फिरायचा. एकदा तो आला तेव्हा घरची सगळी धान कापायला गेलेली, मी दाढेच्या ठणक्यानं गाल धरून ओसरीवर बसलेली. त्यानं माझा हात धरला! अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधली मऊ जागा चिमटीत घेऊन अशी दाबली — माय वो, डोळ्यांत पाणी! आणि ठणका गेला. दाढ तोंडात अन् औषध हातात? मी थक्कच झाले. जाताना मोडक्या हिंदीत बजावून गेला, "पेटवाली को नहीं. कभी नहीं." म्हणजे पोटुशी बाईला नाही.

मग मी शेजारणींच्या दाढा, डोकी बरी करू लागले. पण परपुरुषानं हात धरून शिकवलं, हे कोणत्या तोंडानं सांगणार? म्हटलं, देवीनं स्वप्नात दाखवलं. वर आणखी जोडलं — कोणालाच नाही म्हणायचं नाही, अशी तिची आज्ञा आहे. काय गरज होती? मान मिळत होता, म्हणून.

धाकटी जाऊ सरजा. सातवा महिना. दोन दिवस दाढेनं तळमळून राहिली होती. सगळ्या बायांसमोर तिनं हात पुढे केला. "बाई, माहाच हात काऊन नाही धरून राहिल्या तुमी?" सासू बघत होती. चिन्याचे शब्द — मी विसरले नव्हते, हे नीट ऐक. पण माझीच थाप माझ्या गळ्यात आली होती. मी दाबलं. जोरात दाबलं.

दुसऱ्या दिवशी तिला कळा सुटल्या. पोरगं झालं, रडलंच नाही.

त्या दाबण्यानं गेलं, की त्याचं आयुष्यच तेवढं होतं? मला ठाऊक नाही. पुढचं मात्र ठाऊक आहे. महिन्याभरात चिनी परत आला. मला पाहून हसला आणि गालाला हात लावून खुणेनं विचारलं — दाढ कशी आहे? चारचौघांत! आणि मी ओरडले, "याचीच नजर लागली सरजाले!" मीच. दुसरं कोणी नाही. गड्यांनी त्याला काठ्यांनी बडवलं, त्याचं रेशीम बोडीच्या पाण्यात फेकलं. तो मार खात माझ्याकडेच बघत होता. एक शब्द बोलला असता तर माझं पितळ उघडं पडलं असतं. बोलला नाही. पुन्हा कधी आला नाही.

सरजाला नंतर मूल झालं नाही. दाढ दुखली की ती अजूनही माझ्याकडेच येते, हात पुढे करते. मी दाबते. ठणका थांबला की ती माझ्या पाया पडते.