गाईपुढच्या करंज्या

करंज्या तळल्याचा वास आला की मला देवासची टेकडीखालची आमची गल्ली आठवते. नाताळची सकाळ होती. आदल्या दिवशी आईने शेजारच्या काकूंकडे माझ्या हाती करंज्यांचं ताट पाठवलं होतं. दिवाळीला त्यांचा फराळ आमच्याकडे यायचाच. चर्चला निघालो तर काकू फाटकाशी उभ्या राहून त्याच करंज्या गाईला घालत होत्या. ख्रिस्ती घरचं शिजवलेलं त्यांना चालत नाही, हे मला तेव्हा कळलं.

"सिस्टर, वो... म्हणजे मी..." काकू अडखळल्या. नर्स असलेल्या आईला सगळी गल्ली सिस्टरच म्हणायची.

मी आईचा हात आवळला. आता ही चांगलं सुनावणार!

"चुकलंच माझं काकू, आधी विचारायला हवं होतं," आई म्हणाली. "पुढच्या वर्षी नारळ आणि केळी पाठवीन."

आवाजात टोमणा नव्हता. काकूंची मान जी खाली गेली, ती वर आलीच नाही.

"तू काही बोलली का नाहीस?" मी वाटेत रडत विचारलं.

"बोलले की," आई म्हणाली.

आज माझ्या कढईत करंज्या फुलताहेत. काकूंना तेव्हा स्वतःची लाज वाटली होती. मला मात्र आईची वाटली.