क्वालिटीमावशी आणि न संपणारा ट्रे

कुणी काही आपटलं, फोडलं किंवा भिरकावलं, की बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. क्वालिटीमावशींचा चेहरा मात्र खुलायचा. पिशवीतून वही बाहेर यायची, चष्मा नाकावर चढायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "फेकायच्या आदी काय झालं, ते सांगा." फेकणाऱ्यावर ओरडायचं मग राहूनच जायचं.

मावशी थेरगावच्या. चाकणच्या एका कंपनीच्या क्वालिटी खात्यात बावीस वर्षं माल तपासला, आणि निवृत्तीनंतर घरी बसवेना म्हणून कासारवाडीच्या आमच्या कार्यशाळेत मदतीला आल्या. आमच्या म्हणजे माझ्या सुहासदादाच्या; त्याला सोडायला गेले की मीही तिथेच मदतीला थांबायचे. दादा तिशीचा, उंचापुरा, बोलणं जेमतेम चार शब्दांचं. त्याच्यासारखी मतिमंद म्हणून हिणवलेली वीसेक मोठी माणसं तिथे नट मोजून पिशव्यांत भरतात. दादा रोज अकराच्या सुमारास ट्रे भिरकावायचा आणि अडवायला गेलेल्याला चावायचा. शेवटी संचालकांनी सांगितलं, "महिनाभर बघू. नाहीतर त्याला लांबच्या वसतिगृहात ठेवा." आईच्या मनगटावरचे त्याच्या दातांचे वळ बघून मीही मनातल्या मनात त्याची बॅग भरायला लागले होते. लाज वाटते सांगायला, पण खरं आहे.

"मुद्दाम करतो तो," मी मावशींना म्हटलं.

"व्हय, मुद्दामच. पन कशापायी, त्येच तर हुडकायचं हाय," त्या म्हणाल्या. कंपनीत पार्ट बाद झाला की 'का?' असं पाच वेळा विचारायची त्यांना सवय. "पार्टावर डाफरून पार्ट सुधारतो व्हय गं?"

मग जी धमाल सुरू झाली! पहिला संशय पंख्याच्या आवाजावर. भर मे महिन्यात पंखे बंद. आम्ही सगळे घामाने निथळतोय आणि अकराला ट्रे उडाला. दुसरा संशय मावशींच्या भडक साडीवर. दुसऱ्या दिवशी त्या पांढरंशुभ्र पातळ नेसून आल्या. बसमध्ये दोघींनी कोण गेलं म्हणून विचारलं, आणि अकराला ट्रे उडालाच. मावशी वहीत फुली मारून खदखदून हसल्या. म्हणाल्या, "दोन कारनं कमी झाली की!"

तिसऱ्या दिवशी त्यांनी दादाला शेजारी बसवलं आणि स्वतः त्याच्या जागेवर बसल्या. मला म्हणाल्या, "तू माझं काम कर." त्यांचं काम म्हणजे ट्रे रिकामा होत आला की त्यात नट ओतणं. मी ओतत राहिले, त्या मोजत राहिल्या. साडेदहाला त्यांचं हसू मावळलं. पावणेअकराला नाकपुड्या फुगल्या. आणि अकराच्या आत, देवाशपथ, मावशींनीच ट्रे भिरकावला! एक नट थेट संचालकांच्या चहात. टाळ्यांचा कडकडाट, आणि त्यात सगळ्यात जोरात दादा.

"आगं, ह्ये संपतच न्हाई!" मावशी ओरडल्या. "आन रोज भरनारी कोन? मीच की!"

लाइनवर कुणाचा ट्रे रिकामा राहता कामा नये, ही बावीस वर्षांची शिस्त त्यांच्या हातात इतकी मुरलेली की दादाचं काम कधी संपलेलंच नव्हतं. वहीत कारणापुढे त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि दादापुढे कान धरले. "चुकलं, सुहासराव."

दुसऱ्या दिवसापासून मोजके तीन ट्रे. ते झाले की काम संपलं, मग चहा. मध्येच नको झालं तर दादाने लाल कार्ड दाखवायचं आणि समोरच्याने तत्क्षणी थांबायचं. पहिल्या दिवशी त्याने ते इतक्यांदा दाखवलं की संचालकांना एक वाक्य पुरं करता येईना. ते चिडले, तर मावशी म्हणाल्या, "दाखवू द्या, सायेब. आपलं ऐकत्यात ह्याचा इस्वास बसला, की फेकायची गरजच ऱ्हानार न्हाई." नंतरही दोनदा ट्रे उडाला, दोनदा वही उघडली. पण चावणं थांबलं. महिना संपला तेव्हा वसतिगृहाचा विषय कुणी काढला नाही. मी घरी जाऊन आईला मिठी मारली आणि आम्ही दोघी वेड्यासारख्या हसत सुटलो.

पुढच्या वर्षी मावशींना लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला जावं लागलं, आणि मग तिथेच राहायचं ठरलं. दादाला अचानक धक्का नको म्हणून त्यांनी भिंतीवर आठ चौकोन काढले. रोज दोघं मिळून एकावर फुली मारायचे आणि मावशी सांगायच्या, "ह्ये संपले की मी जानार."

आठवी फुली दादाने एकट्याने मारली. मग तो दाराशी गेला, मांडणीवरून मावशींच्या चपला आणल्या आणि त्यांच्या पायांशी नीट ओळीत ठेवल्या. आम्ही कौतुकाने टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र उठेनात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना रडताना बघत होते.

"सुहासराव," त्या म्हणाल्या, "आजून धा मिंटं बसू का रं?"

दादाने थोडा विचार केला. मग चपला उचलल्या आणि परत मांडणीवर नेऊन ठेवल्या.