चंदाकाकूंचं नाक

पेटलेल्या प्लास्टिकचा धूर मुद्दाम नाकात ओढून घेणारं माणूस तुम्ही कधी पाहिलं आहे का? मी पाहिलं आहे. वाळूजच्या एका शेडमध्ये चंदाकाकू दिवसभर हेच काम करायच्या. कचऱ्यातून आलेल्या पट्टीच्या टोकाला लायटर लावायचा, फुंकर मारून विझवायची आणि डोळे मिटून वास घ्यायचा. मग ती पट्टी एका ढिगात, नाहीतर दुसऱ्या.

त्या शेडमध्ये टाकाऊ प्लास्टिक वितळवून रेल्वेचे स्लीपर बनतात. रुळांखाली आडवे टाकतात ते. लहान पुलांवर पूर्वी लाकडाचे असायचे, त्यांच्या जागी हे बसवतात. त्यात कॅन, बादल्या, ताडपत्री चालते. फ्लेक्स चालत नाही. तो वितळताना झोंबणारी वाफ सुटते, स्लीपरच्या पोटात पोकळी राहते आणि पुढे तो तडकू शकतो. पण फाटून मातीनं माखल्यावर ताडपत्री कुठली आणि फ्लेक्स कुठला, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून नाक.

“मेणबत्तीचा वास आला की आपलं,” काकू सांगायच्या, “नाकात मिरची गेली की परकं.”

कामगारांच्या आरोग्यावरची पत्रकं वाटत मी त्या शेडमध्ये पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी पत्रक उलटसुलट करून पाहिलं. “निस्ता कागदच हाय. प्लास्टिक चढवलं असतं तर कामाला तरी आलं असतं.” बायका हसल्या. मी मास्कचा मुद्दा वाचून दाखवला. “व्हय, पण नाक झाकून वास कसा घ्यायचा, ते कुठल्या पानावर हाय?” असं म्हणत त्यांनीच डब्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवली. “खा. भांडायला ताकद लागती.”

काकू मूळच्या कन्नड तालुक्यातल्या. नवरा गेल्यावर मुलाजवळ, सुनेजवळ वाळूजला आल्या. जीभ तिखट. ढिगातून एखाद्या पुढाऱ्याचा चेहरा निघाला की म्हणायच्या, “या साहेब, बसा. तुमचा वास बघू जरा.” आणि साहेबांच्या कानाला लायटर लावायच्या.

मग निवडणूक झाली. गल्लोगल्लीचे फ्लेक्स उतरले, ताडपत्र्यांत मिसळून शेडमध्ये आले. ढीग पत्र्याला टेकले. काकूंचा खोकला थांबेना. डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो पाहून सांगितलं, धूर बंद करा. मी त्यांना घेऊन मालकाकडे गेले. मागणी एकच होती: फ्लेक्स मिसळलेला माल फाटकातूनच परत पाठवा.

“भंगारवाले आणतील ते घ्यावं लागतं, काकू,” मालक म्हणाले. “आणि तुमचं नाक आहे की.” ते हे कौतुकानं म्हणाले, याचा मला आजही संताप येतो.

“सोडा हे काम,” मी बाहेर आल्यावर म्हणाले.

“आन् इथं कोण बसंल? एक पट्टी चुकली तर? वरून गाडी जायचीय, पोरी.”

करमाडच्या पुढे एका नाल्यावर काकूंच्या शेडचे स्लीपर बसले, तेव्हा त्यांना ते बघायचे होते. जीपमधून उतरून बांधावरून चालताना त्या पुन्हा पुन्हा बसत होत्या. धाप लागलेली, तोंडावर पदर. गाडी आली. काकू गाडीकडे बघत नव्हत्या, रुळांखाली बघत होत्या. शेवटचा डबा गेला तेव्हा म्हणाल्या, “किती माणसं असतील गं आत? सगळी माझ्या नाकावरनं गेली.”

पावसाळा संपता संपता काकू गेल्या. शेवटी शेवटी त्यांना उशीला टेकूनही श्वास पुरत नव्हता. कागदोपत्री त्या आजारानं गेल्या. मी म्हणते, त्या आपणा सगळ्यांच्या हौसेनं गेल्या: फ्लेक्सवरच्या आपल्या शुभेच्छांनी, आपल्या विजयांनी, आपल्या हात जोडलेल्या चेहऱ्यांनी.

आणि तिसऱ्या दिवशी कॉलनीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ काकूंचा फोटो, खाली गल्लीतल्या पोरांची नावं. पोरांनी आपसात वर्गणी काढली होती, मनापासून. काकूंचा मुलगा त्या फोटोसमोर हात जोडून उभा होता.

दिवाळीच्या साफसफाईत तो फ्लेक्स उतरला आणि कुणीतरी भंगारात दिला. काकूंच्या जागी आता त्यांची सून, सुनीता बसते. घर चालवायला दुसरी वाट नव्हती. ढिगातून तिच्या हातात एक पट्टी आली: पांढरे केस, कपाळ, एक डोळा. सुनीता बराच वेळ ती मांडीवर घेऊन बसली. ही एकच पट्टी तिला जाळून बघावी लागली नाही.

“आत्या इथंच आल्या बघा,” ती मला म्हणाली, आणि खोकली.

म्हणून मागणं आहे. वाढदिवस असो, विजय असो की घरातलं माणूस गेलेलं असो, फ्लेक्स छापू नका. कापडावर रंगवा, फळ्यावर खडूनं लिहा. तुमच्या गल्लीत आज जो लटकतो आहे, तो तुम्ही उतरवा, वेगळा बांधा, वर ठळक अक्षरात ‘फ्लेक्स’ लिहा आणि भंगारवाल्याला बजावून सांगा की हा ताडपत्रीत मिसळू नको. आजच करा. सुनीताचा खोकला अजून नवा आहे.