उन्हातली टेप

त्यांना सगळे दांडेकाका म्हणत, आणि ते काही त्यांचं आडनाव नव्हतं. मोजमाप प्रयोगशाळेच्या तळघरात देशाचा मीटर ठेवलेला होता, चकचकीत धातूचा एक दांडा, आणि त्याची राखण करण्यात या माणसाचं उभं आयुष्य गेलं. कापडवाल्याची पट्टी खरी की खोटी, कारखान्यातलं माप बरोबर की चूक, याचा निवाडा फिरून फिरून शेवटी त्या दांड्यापाशी यायचा. त्यामुळे आपण तळघरात नसून न्यायासनावर बसलो आहोत असं काकांना वाटू लागलं होतं, आणि एकदा माणसाला तसं वाटू लागलं की घरच्यांचे हाल सुरू होतात. घरात चपला ओळीत लागल्या पाहिजेत, भिंतीवरची तसबीर तसूभरही कलता कामा नये. पाहुणा तसबिरीखाली बसला की बायकोचा जीव टांगणीला लागायचा.

तळघराचा नियम मात्र खरोखरच कडक होता. धातू उबेने वाढतो, थंडीने आखडतो, म्हणून दांड्याच्या खोलीत बारा महिने एकच गारवा राखलेला असे. आत कोणी फार वेळ थांबायचं नाही. दांड्याला हात लावायचा नाही, चिमट्याने उचलायचा. दांड्यावरच्या रेघा बघायच्या त्याही दुर्बिणीसारख्या नळीतून, लांब उभं राहून. "माणूस म्हणजे चालती शेगडी," काका म्हणायचे. "नुसता शेजारी उभा राहिला तरी माप बिघडवतो." एकदा मंत्री आले तर त्यांनाही काकांनी दारातूनच दांडा दाखवला, वर सांगितलं की साहेब, श्वास जरा जपून.

शाळांच्या सहली येत तेव्हा काका फार खुलत. मीटर आला कुठून ही गोष्ट ते रंगवून सांगत. आधी काय, जो तो आपापल्या हाताने मोजायचा. राजाचा हात लांब, वाण्याचा हात आखूड. मग काही शहाण्यांनी ठरवलं, की माप असं हवं जे कोणाच्याच बापाचं नाही. पृथ्वीच घ्या! ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर काढायचं, त्याचे एक कोटी भाग करायचे, त्यातला एक भाग म्हणजे मीटर. माणसं वर्षानुवर्षं डोंगरदऱ्या तुडवत मोजत राहिली, आणि त्या मापाचा दांडा घडवला. पुढे कळलं की हिशोबात गफलत झाली होती आणि दांडा केसभर आखूड निघाला होता.

इथे काका थांबायचे, कारण कोणी ना कोणी पोरगी हमखास विचारायचीच: "मग दुरुस्त का नाही केला?"

"कसा करणार?" काका हात उडवत म्हणायचे. "तोवर सगळं त्याच्यावरच उभं राहिलं होतं! नकाशे, यंत्रं, पूल. म्हटलं, राहू दे. पृथ्वी चुकली, दांडा बरोबर!" पोरं खो खो हसायची आणि काकाही हसायचे. इतक्या वेळा सांगितली गोष्ट, पण स्वतःच्या कानांनी एकदा तरी ऐकली असती तर बरं झालं असतं.

कारण त्यांचा एक थोरला भाऊ होता. बापाची लाकडाची वखार होती, आणि बाप गेल्यावर जागेचे सरळ दोन भाग झाले, तीस मीटर दादाचे, तीस मीटर काकांचे. दादा सुतारकाम करायचा, त्याला कारखान्याची शेड घालायची होती. त्याने एका सकाळी गवंडी बोलावले, उजाडता उजाडता दोरी लावली आणि मधली भिंत आठवडाभरात उभी केली. धाकट्याला विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. धाकटा म्हणजे कोण परका होता का?

काका सुट्टीच्या दिवशी जागेवर गेले ते ऑफिसची पोलादी टेप घेऊन, तीही तळघरात दांड्याशी ताडून आणलेली. भर दुपार होती. दादाने टेपेचं टोक भिंतीपाशी धरलं, मधली टेप मोकळ्या जमिनीवर पसरली, आणि काका पलीकडच्या कुंपणाशी झाडाखाली उभे राहून आकडा बघू लागले. मध्येच टेप ढिली पडली.

"नीट धर ना!" काका ओरडले. "एवढंसुद्धा जमत नाही का?"

दादाने पुन्हा टोक धरलं. माप तीसला जरासं कमी भरलं. किती, तर करंगळीएवढं.

"दादा, तुझी भिंत माझ्यात आलीय."

"करंगळीएवढी?" दादा हसला. "अरे, तेवढं तर प्लास्टर खातं."

"चूक ती चूक. करंगळीची असो नाहीतर कोसाची."

गवंडी बघत होते, वहिनी दारात उभी होती. दादाने एकदा धाकट्याच्या तोंडाकडे पाहिलं, हा थट्टा करतोय की काय म्हणून. तो थट्टा करत नव्हता. मग दादाने घण मागवला आणि पहिला घाव स्वतः घातला. नवी भिंत करंगळीभर दादाच्या बाजूला उभी राहिली, शेडच्या तयार तुळया कापाव्या लागल्या, आणि दादाने बोलणं टाकलं. भांडला असता तर परवडलं असतं. पण नाही. रस्त्यात दिसला की बाजूला व्हायचा, जणू साहेब चाललेत. पुतणीच्या लग्नात काका पंगतीत एकटे जेवून आले. बायको सुरुवातीला म्हणायची, "जा हो, तुम्हीच जा एकदा. तुम्ही धाकटे आहात." काका म्हणायचे, "मी काय चुकीचं मोजलं?" पुढे पुढे तीही म्हणेनाशी झाली. आणि ज्या जागेसाठी एवढा उपद्व्याप केला, त्या जागेत काकांनी शेवटपर्यंत काही बांधलं नाही. गवत माजलं तिथे.

इकडे मीटरही आपली जागा बदलत होता. धातूचा दांडा झिजेल, वाकेल, हरवेल, म्हणून जगातल्या शहाण्यांनी आधी एका वायूच्या दिव्याच्या नारिंगी उजेडावर मीटर बेतला. मग तेही मागे पडलं, आणि सेकंदाच्या साधारण तीस कोटीव्या भागात उजेड जेवढा पुढे जातो, तेवढा मीटर असं ठरलं. दांड्याचं राज्य कधीच गेलं होतं. पण प्रयोगशाळेत नवी यंत्रं यायला वेळ लागला, तोवर रोजची ताडणी दांड्यावरच चालली, आणि काकांनी आपला राजा गेला हे मनावर घेतलंच नाही.

काका निवृत्त व्हायच्या सुमाराला यंत्रं आली. नव्या संचालकबाईंनी ठरवलं की दांडा आता वर दर्शनी दालनात ठेवायचा, काचेच्या पेटीत, येणाऱ्याजाणाऱ्याला बघायला. दोघा शिपायांनी पेटी आणली आणि मोठ्या खिडकीखाली टेकवली. दुपारचं ऊन थेट दांड्यावर पडलं.

"अहो, तिथे नको!" काका धावले. "उन्हात नको! वाढेल तो!"

"वाढू दे की, काका," बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "आता त्याच्यावर कुठे काय मोजायचंय?"

काका होते तिथेच थबकले. बाईंना वाटलं म्हाताऱ्याला लागलं बोलणं, म्हणून त्यांनी खुर्ची मागवली. पण काका दांड्याकडे बघत नव्हते. त्यांच्या डोळ्यांपुढे तापलेल्या जमिनीवर पसरलेली एक पोलादी टेप होती. गार तळघरातून आणलेली, भर दुपारच्या उन्हात टाकलेली. टेप उन्हाने लांबते, तिच्यावरच्या खुणा दूर दूर जातात, आणि लांबलेली टेप आकडा कमी दाखवते. तीस मीटर पोलाद, असलं कडक ऊन. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या हिशोब केला, पुन्हा केला. उत्तर करंगळीएवढंच येत होतं. ज्याने मंत्र्याला दांड्यापाशी श्वास घेऊ दिला नाही, त्याने सख्ख्या भावाची भिंत उन्हातल्या टेपेने पाडायला लावली होती. दादाने पहाटेच्या गारव्यात लावलेली दोरी बरोबर होती.

त्याच संध्याकाळी काका वखारीत गेले. दादा बाजेवर बसला होता, थकला होता, रंधा आता मुलगा चालवत होता. वहिनीने पाणी आणून ठेवलं. काका उभ्या उभ्याच बोलले. ऊन, पोलाद, टेप, सगळं सांगितलं.

दादाने ऐकून घेतलं. मग आपला उजवा हात पुढे करून तळव्याकडे बघितलं.

"ते लांबणं-बिंबणं मला कळत नाही," तो म्हणाला. "पण तापली होती हे खरं. टोक धरलं तर हात भाजला माझा. म्हणून सुटली. तू ओरडलास."

"तेव्हाच बोलायचं ना, दादा."

"मला वाटलं, तुलाही भाजत असेल." दादाने हात मागे घेतला. "मग बघितलं, तू सावलीत होतास."

काका खाली बसले. ते म्हणाले, "मी उद्या गवंडी आणतो. भिंत होती तिथे परत बांधू. खर्च, मेहनत, सगळं माझं."

दादाने वर पाहिलं. भिंतीवर तुळया टेकल्या होत्या, कापलेल्या, काळ्या पडलेल्या. तुळयांवर छप्पर, छपराखाली मुलाची यंत्रं, रंध्याचा आवाज.

"आता कशी हलवणार?" दादा म्हणाला. आवाजात राग नव्हता, माया होती असंही नाही. "राहू दे. सगळं तिच्यावरच उभं राहिलंय."

पलीकडच्या गवतात अंधार पडायला लागला होता. काका पाणी न पिताच उठले. दारापाशी ते क्षणभर रेंगाळले, दादा "बस" म्हणेल म्हणून. दादा मुलाला सांगत होता, दिवा लाव.