सासऱ्यांनी पारखलेलं भौतिकशास्त्र

वस्तू पारखून घेण्याच्या बाबतीत माझ्या सासऱ्यांइतकं छळवादी गिऱ्हाईक अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात नाही. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात ते लांबून दिसले की भाजीवाल्या बायका टोपलीवर पोतं ओढतात. खराटा घ्यायचा तर आधी त्या दुकानदाराचंच दुकान झाडून बघतात. मला जावई करून घेण्यापूर्वी त्यांनी माझी चप्पल उलटी करून ती कुठल्या बाजूनं झिजली आहे ते पाहिलं आणि "चाल बराबर हाय" एवढ्या शेऱ्यावर मुलगी दिली. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो, ही गोष्ट त्यांनी मनावर घेतली नाही.

ती घेतली धाकट्या सुनेपायी. लग्नामुळे बारावीनंतर तिचं शिक्षण सुटलं होतं. लेकरू चार वर्षांचं झाल्यावर तिनं बी.एस्सी.ला नाव घातलं आणि पहिल्याच चाचणीत भौतिकशास्त्रात नापास झाली. सगळं इंग्रजीत, काही उमजेना. "जमत न्हाई, सोडते," म्हणाली. सासऱ्यांनी तिला आणि पुस्तकाला आळीपाळीनं न्याहाळून निदान केलं, "पोरगी बराबर हाय. पुस्तक खोटं हाय." आणि आम्हा दोघांना घेऊन त्यांनी हिंगोली गाठली.

दुकानात त्यांनी सात पुस्तकं काढायला लावली. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे मी वाचून अर्थ सांगायचा आणि त्यांनी निकाल द्यायचा. एकाला समास अरुंद होता. "लिवायला जागा न्हाई, म्हंजे ह्याला दुसऱ्याचं ऐकायचंच न्हाई." एकात घर्षण समजावायला बर्फावरून घसरणारा माणूस होता, तो आपल्याकडं चिखलात का घसरत नाही, म्हणून तेही बाद. तिसऱ्यात 'हे उघडच आहे' असं आलं. "उघड होतं तर लिवलं काहून?" मी वर्गात वापरतो ते जाडजूड पुस्तक त्यांनी दोन्ही हातांत तोललं आणि "उशाला चांगलं हाय" म्हणून परत दिलं. दुकानदारानं स्वतःसाठी पाणी मागवलं.

या गडबडीत सूनबाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून जुन्या पुस्तकांच्या ढिगातलं एक बारकं पुस्तक वाचत होती. अकराव्या पानावर पोचली होती.

"मामा," ती हळूच म्हणाली, "इंग्रजीच हाय, पण हे कळून राहिलंय मला."

पुस्तकाचं अर्धं मुखपृष्ठ गेलेलं, शिवण उसवलेली. सासऱ्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. "द्या बांधून," म्हणाले. परतताना एसटीत त्यांनी तिकिटाचे सुटे पैसे दोनदा मोजून घेतले. मग म्हणाले, "आधी तिलाच इचारायला पायजे होतं, जावईबापू."

पुढं तीन वर्षं ती रोज संध्याकाळी अंगणात धडा वाचायची आणि सासऱ्यांना समजावून सांगायची. त्यांना पटेपर्यंत इतके फाटे फुटत, की परीक्षेतले प्रश्न तिला किरकोळ वाटू लागले. ती पहिल्या वर्गात पास झाली. आता नवरा आणि लेकरासह नांदेडला एम.एस्सी. करते.

परवा सासऱ्यांचा मला फोन आला. मोटार सुरू केली की पाणी पुढं जातं, मग हातातला पाइप मागं काहून ढकलतो? मी अर्धा तास समजावलं. त्यांनी मध्ये एकदाही टोकलं नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

"तुमचं बराबर असंल," शेवटी ते म्हणाले. "पण ती सांगायची तवा कळायचं. दिवाळीला येऊन राहिली ती. तवर ऱ्हाऊ द्या."