ग्रानादाचा पंखा

कुवेतच्या शुवैख बंदरातल्या आमच्या कचेरीत सकाळचा चहा नुकताच आला होता, तेव्हा शेडचा राखणदार येऊन दारात उभा राहिला. आत येईना. "मास्तर, सुलेमानभाई..." एवढंच म्हणाला. मी शेडमध्ये पोचलो तर सुलेमान परकार लाकडी खोक्यांच्या थप्पीला टेकून बसलेले होते. टॅलीचं पॅड मांडीवर, पेन्सिल कानावर. पॅडवर चार उभ्या रेघा ओढलेल्या होत्या, पाचवी आडवी ओढायची राहिली होती. त्याच दिवशी असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर शहराबाहेरच्या कबरस्तानात त्यांना ठेवलं. मी कडेला चपला काढून उभा होतो. मूठभर माती टाकायला मला कुणीतरी पुढं केलं, आणि मी ती टाकली. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायचं झालं तर मला स्पेनविषयी लिहावं लागेल, आणि ते मी आजवर टाळत आलो.

माझी त्यांची ओळख पन्नास साल उलटल्यानंतरच्या पहिल्या वर्षांतली. तेव्हा बंदर असं नव्हतंच. आगबोटी दूर खोल पाण्यात नांगर टाकायच्या आणि माल पडावांतून किनाऱ्याला यायचा. गोडं पाणीसुद्धा शत्त-अल-अरब नदीवरून गलबतांतून यायचं आणि गाढवांच्या पाठीवरून दारोदार विकलं जायचं. सुलेमानभाई जयगडच्या खाडीवरचे, टॅली क्लार्क. म्हणजे उतरणाऱ्या प्रत्येक खोक्यामागं कागदावर एक रेघ ओढणारा माणूस. मी चिपळुणात दोन वर्षं शाळेत शिकवून इथं टायपिस्ट म्हणून आलेला, म्हणून मी मास्तर. दस्मानजवळच्या एका जुन्या घरात आमच्या खोल्या शेजारी होत्या. गावाकडची पत्रं ते माझ्याकडून लिहून घेत. "तुमचं अक्षर बघून मेहुणा कादिर गप बसतो. माझं बघितलं की चुका काढतो," म्हणायचे. पत्रं जायची त्यांच्या बायकोला, हलीमाबीला. ती निरक्षर होती. कादिर तिला वाचून दाखवायचा. म्हणून त्या पत्रांत नवराबायकोचं असं काही नसायचं, तब्येत, आंबे, लेकीची शाळा आणि सलाम.

स्पेन आमच्या आयुष्यात संत्र्यांच्या खोक्यांतून आलं. नवीन धक्का झाल्यावर थंडीच्या दिवसांत तिकडची संत्री यायला लागली, आणि त्यातलं प्रत्येक फळ पातळ रंगीत कागदात गुंडाळलेलं असायचं. एका कागदावर कमानींचं अंगण होतं, मधे कारंजं, आणि पुढं हातात पंखा घेतलेली लाल झग्यातली बाई. फुटलेल्या खोक्यांतले ते कागद सुलेमानभाई नखानं सरळ करून पत्र्याच्या डब्यात ठेवायचे. माझ्याजवळ मुंबईत पदपथावर घेतलेलं एक फाटकं इंग्रजी प्रवासवर्णन होतं. संध्याकाळी गच्चीवर मी ते वाचून त्याचं मराठी करून सांगायचो, कोर्दोबाची मशीद, ग्रानादाचा लाल किल्ला, आणि ते अधूनमधून डब्यातला कागद काढून पडताळून बघायचे. एकदा म्हणाले, "मास्तर, आपण आयुष्यभर दुसऱ्याची खोकी मोजली. ती भरतात कुठं, ते एकदा बघाया नको?"

दोन वर्षांनी एकदा रजा मिळायची, आणि रजा म्हणजे गाव. याला दुसरा अर्थच नव्हता. पाच वर्षांपूर्वी आमच्या दोघांच्या रजा एकदम आल्या. कल्पना त्यांची होती, पण युक्ती माझी. इकडे कुणी गावी निघाला की आठवडाभर आधीपासून लोक पुडकी घेऊन येतात, कुणाची साडी, कुणाचं घड्याळ, कुणाच्या आईचं औषध. नाही म्हणता येत नाही. म्हणून पुष्कळजण निघायची तारीख लपवतात, आणि त्यावर कुणी रागावतही नाही. मी म्हणालो, आपणही तसंच करू, सांगायचंच नाही. इथले समजतील सुलेमान पुडकी चुकवून बोटीनं घरी गेला. आणि घरी कळवायचं, या वर्षी रजा मंजूर झाली नाही, पुढच्या वर्षी नक्की येतो. त्यांनी कागदांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "हलीमा काय म्हणेल ओ?" मी म्हणालो, "काय म्हणणार? तिला कळणारच नाही." ते पत्रही मीच लिहिलं, नेहमीच्या स्वच्छ अक्षरात.

त्या तीन आठवड्यांचं काय सांगू... माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते. बैरुत, रोम करत आम्ही माद्रिदला उतरलो आणि तिथून आगगाडीनं दक्षिणेला गेलो. पहिल्या खाणावळीत डुकराचं मांस नको हे सांगायला सुलेमानभाईंनी कागदावर डुक्कर काढलं आणि त्यावर फुली मारली. मालकिणीनं चित्राचं कौतुक केलं आणि मोठ्या प्रेमानं तेच आणून पुढं ठेवलं. "फुली काढाया चुकलो बहुतेक," ते म्हणाले. नंतर ते फक्त मासे काढायचे, आणि तळलेले मासे बघून त्यांचा चेहरा जयगडच्या धक्क्यावर उभा असल्यासारखा व्हायचा. दुपारच्या वेळी एका दारूच्या दुकानात एक म्हातारा डोळे मिटून, खुर्चीच्या हाताला मूठ आपटत गात होता. आम्ही बाहेर फळीवर बसून ऐकलं. "हा असा गातोय जसं घरात मयत झालंय," सुलेमानभाई म्हणाले, आणि उठायला मात्र तयार होईनात.

कोर्दोबाच्या मशिदीच्या दाराशी त्यांनी सवयीनं बूट काढले. पहारेकऱ्यानं खुणेनं सांगितलं, घाला. त्यांनी हातात धरले. त्यानं पुन्हा सांगितलं, पायात. आत खांबांचं रान आहे, वर तांबड्या-पांढऱ्या कमानी, आणि ऐन मध्यावर चर्च बांधलेलं. बूट घालून चालताना ते पाय असे टाकत होते जसं कुणी निजलंय. दोन रकात नमाज पढायची इच्छा त्यांनी विमानात बोलून दाखवली होती. पहारेकरी मागोमाग येत राहिला. शेवटी एका खांबाला तळवा लावून ते उभे राहिले, तेवढंच. बाहेरच्या अंगणात संत्र्यांची झाडं आहेत आणि पाण्याचा हौद. तिथं बसून त्यांनी हातपाय धुऊन नमाजाआधीचा वजू नीट केला आणि मग काहीच न करता उठले. खाली पडलेलं एक संत्रं उचलून सोललं, फोड तोंडात घातली आणि डोळे मिटून घेतले. "कडू जहर! मास्तर, चांगली सगळी आपल्याकडं पाठवतात वाटतं."

ग्रानादाला पोचलो त्या दिवशी आकाश धुतल्यासारखं होतं. किल्ल्यात शिरताच त्यांचं लक्ष भिंतींकडे गेलं नाही, पाण्याकडे गेलं. पायऱ्यांच्या कठड्यातून, फरशीतल्या पन्हळीतून, सगळीकडे पाणी नुसतं वाहत होतं. विकत पाण्याचे डबे आठवणारा तो माणूस मला हळूच विचारतो, "कुणी बंद करीत नाय काय?" पुढं कमानींच्या अंगणात गाईड काही पाहुण्यांना नक्षी दाखवत होता. सुलेमानभाई भिंतीवरची अक्षरं बोट न लावता, उजवीकडून डावीकडे पुटपुटत वाचू लागले. गाईड थांबला. त्याला ती वाचता येत नव्हती. जन्मभर तो त्याच भिंतींपुढं बोलत आला होता. त्यानं खुणेनं विनंती केली, मोठ्यानं वाचा. आणि शुवैख बंदराचा टॅली क्लार्क त्या अंगणात उभा राहून मोठ्यानं भिंत वाचत गेला, कुराण शिकवणाऱ्या गावच्या मौलवींनी लावलेल्या चालीत, आणि दहाबारा परके लोक टोप्या काढून ऐकत उभे राहिले. संपल्यावर गाईडनं त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. सुलेमानभाई लाजून माझ्याकडे बघत म्हणाले, "हलीमाला सांगितलं तर म्हणेल, फेकू नका."

उतारावरच्या दुकानात त्यांनी तिच्यासाठी पंखा घेतला, काळ्या काड्यांचा, लाल रेशमाचा, त्या संत्र्याच्या कागदावर होता तसाच. दुकानदारीण मनगटाच्या एका झटक्यानं तो उघडून मिटून दाखवत होती. त्यांना काही जमेना. "चुलीला वारा घालाया आणला काय, असं म्हणेल बघा ती," म्हणत ते हसत होते. आता रजेचं खोटं कसं सांगणार, असं मी विचारलं. "सगळं सांगेन. पंखा हातात दिल्यावर किती वेळ रागवेल?" बाईनं पंखा मिटून जांभळ्या कागदात बांधला आणि वर दोऱ्याची दुहेरी गाठ मारली.

परतल्यावर आम्ही कामावर रुजू झालो. हेडक्लार्क खुर्चीतून उठले. "अरे सुलेमान, इतनी जल्दी वापस? बीवी कैसी है? तार तो मिला ना?"

आम्ही निघाल्यावर तिसऱ्या दिवशी कादिरची तार आली होती. हलीमा अत्यवस्थ, ताबडतोब निघा. हेडक्लार्कना वाटलं, सुलेमान तर बोटीवरच असणार, चारआठ दिवसांत पोचतोच आहे. त्यांनी चांगल्या मनानं ती तार पाकिटात घातली आणि 'सुलेमान गावी निघाला आहे' अशी चिठ्ठी जोडून गावच्या पत्त्यावर टपालात टाकली. कादिरनं पाठवलेली तार कादिरच्याच हातात परत गेली. तोवर हलीमाबीला पुरून दोन दिवस झाले होते. ती गेली तो वार आणि ती वेळ पुढं गावाकडून कळल्यावर मी मनाशी हिशेब केला. त्याच वेळी ते अंगणात भिंत वाचत होते... हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनीही तो हिशेब केला असेलच. मोजणं हाच त्यांचा धंदा होता.

चिठ्ठी वाचून त्यांची लेक झुबेदा, सोळा वर्षांची, मुंबईची बोट लागेल त्या प्रत्येक दिवशी धक्क्यावर जाऊन उभी राहत होती. ते पुढच्या बोटीनं गावी पोचले आणि कुठं गेलो होतो ते सांगितलं, तेव्हा तिनं एकच विचारलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, खिडकीबाहेर बघत. तिनं विचारलं, "अब्बा, तिकडं बघण्यासारखं होतं काय?"

पंखा ते घेऊन गेले होते. तसाच परत घेऊन आले. त्यानंतर त्यांनी रजा घेतली नाही. झुबेदाच्या निकाहालाही बोलावणं आलं नाही. मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. शुक्रवारी येऊन बसायचे, चहा प्यायचे, बोलायचे पाण्याविषयी, बोटींविषयी. फक्त गावची पत्रं ते शेडमधल्या एका कारकुनाकडून लिहून घ्यायला लागले. त्यांना उत्तर येत नसे. मी एकदा म्हणालो, मी लिहून देऊ? "नको मास्तर. तुमचं अक्षर तिकडं ओळखतात."

म्हणून ते गेल्याचं पत्रसुद्धा मी त्या कारकुनाकडूनच लिहून घेतलं. झुबेदाचं तीन ओळींचं उत्तर आलं. कपडे गरिबाला द्यावेत. बाकी इकडे काही पाठवू नये. कळवल्याबद्दल आभारी आहे. त्यांच्या पेटीत ती तार होती, गावाहून परत आणलेली, घडीवर फाटत आलेली. संत्र्याचे कागद मात्र कुठंच नव्हते. आणि तळाशी जांभळ्या कागदातलं ते पुडकं, दोऱ्याची दुहेरी गाठ त्या बाईनं मारली होती तशीच.

आता ते माझ्या फळीवर आहे. मी गाठ सोडलेली नाही, ती सोडण्याचा हक्क कुणाचा होता ते मला ठाऊक आहे. परवा शेजारचा जयगडकडचाच एक गडी निघायच्या आदल्या दिवशी आपण होऊन दाराशी आला. असं इकडे कुणी करत नाही. "मास्तर, उद्याच्या बोटीनं जातोय. पिशवीत जागा हाय. आमच्याकडं कुणाला काय द्यायचं हाय काय?"

त्याची नजर फळीवर गेली. मी म्हणालो, "नाही."